मॅरेथॉनला स्वयंसेवक म्हणून उभं राहायचंय? मग हे आधी वाचा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याच्या दोनेक महिने आधीपासून ओळखीपाळखीतली पोरं विचारायला लागतात: टी-शर्ट मिळतो का, सर्टिफिकेट मिळतं का, हिरो-हिरॉइनी जवळून दिसतात का. टी-शर्ट मिळतो. सर्टिफिकेटही बहुतेक ठिकाणी मिळतं. हिरो-हिरॉइनींचं म्हणाल तर ड्रीम रनच्या, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या दौडीच्या, गर्दीत एखाद्या बाउन्सरची पाठ दिसेल. जो प्रश्न विचारायला हवा तो मात्र कुणी विचारत नाही: पहाटे चारपासून सकाळी अकरापर्यंत रस्त्यावर उभं राहायचं, तर लघवीला जायचं कुठे?

अशा प्रश्नांसाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः २००४ साली सुरू झालेली मुंबईची शर्यत ठेवली आहे, पण पुणे, सातारा किंवा तुमच्या गावच्या दहा किलोमीटरलाही यातलं बरंच लागू पडेल. सेवाभाव सगळ्यांकडेच असतो, पहाटे पाचला तर जरा जास्तच. तो सकाळी नऊला टिकतो का, हे पोटात काय आहे, पायात काय आहे आणि आपल्याला नेमकं काय करायचंय हे ठाऊक आहे का, यावर ठरतं.

पायरी १: नाव देण्याआधी स्वतःला विचारा

नाव देण्याचे रस्ते तीन-चार आहेत. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेतून, म्हणजे एनएसएसमधून. तिथे वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि शर्यतीची ड्युटी अनेक कॉलेजं त्यात धरतात. नोकरीत असाल तर कंपनीकडून, नाहीतर एखाद्या सामाजिक संस्थेतून किंवा रनिंग क्लबमधून. आयोजकांच्या वेबसाइटवर थेट फॉर्मही येतो. स्वयंसेवक होण्यासाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘किटचं डिपॉझिट’ मागितलं तर तिथेच थांबा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर आधार कार्डाचा फोटो चढवण्याआधी ती लिंक आयोजकांच्या साइटवर आहे का ते बघा.

फॉर्ममध्ये खरं लिहा. गुडघा दुखत असेल, दमा असेल, रात्री एकटीने निघायला घरचे सोडणार नसतील तर तसं सांगा. बसून करायची कामंही असतात: बिब, म्हणजे धावकाच्या छातीवर लावायचा नंबर, वाटायच्या एक्स्पोमध्ये, सामान ठेवण्याच्या काउंटरवर, हरवल्या-सापडल्याच्या टेबलावर. उगाच ‘कुठेही चालेल’ लिहून पेडर रोडच्या चढावर उभं राहण्यात मर्दुमकी नाही.

आणि येणार म्हटलं तर या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेसाठी घेतलेल्या सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी १० हजारांच्या आसपास लोक स्पर्धेआधीच गळाले, अशा बातम्या तेव्हा होत्या. प्रशिक्षणाबद्दल आणि वाट्याला आलेल्या कामाबद्दल नाराजी होती, असं सांगितलं गेलं. नाराजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण आयत्या वेळी एक जण आला नाही की त्याचं काम आयोजकाच्या अंगावर पडत नाही, शेजारी उभ्या असलेल्या पोरीच्या अंगावर पडतं. जमणार नसेल तर आठवडाभर आधी कळवा, कुणी वाईट मानत नाही.

पायरी २: ब्रीफिंगला वही घेऊन जा

ब्रीफिंग बहुधा कंटाळवाणं असतं. मोठा हॉल, घुमणारा माइक, प्रायोजकांच्या स्लाइड. तरी जा, कारण तुमचा कॅप्टन, म्हणजे तुमच्या गटाचा प्रमुख, कोण ते तिथेच कळतं. तो भेटला की पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: नेमकं कुठे हजर व्हायचं, कितीला, जवळचं टॉयलेट कुठे, खायला काय आणि कधी, आणि मला सुट्टी कोण देणार.

‘नेमकं कुठे’ यावर अडून बसा. ‘मरीन ड्राइव्ह’ हे उत्तर नाही, मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटर लांब आहे. कुठला सिग्नल, समुद्राकडची बाजू की इमारतींकडची, हे हवं. मुंबईच्या मार्गात धावक काही रस्त्यांवरून जातातही आणि परतही येतात. चुकीच्या बाजूला उतरलात तर मध्ये हजारो माणसांचा लोंढा असतो आणि तुमचं टेबल पलीकडे दिसत राहतं. सगळं कागदावर लिहा. शर्यतीच्या सकाळी एकाच ठिकाणी इतके फोन असतात की मेसेज अर्ध्या तासाने पोचतो.

पायरी ३: आदली रात्र आणि पिशवी

स्वयंसेवकाची खरी शर्यत आदल्या रात्री सुरू होते. डोंबिवली, विरार किंवा पनवेलहून चारच्या ठोक्याला दक्षिण मुंबईत पोचायचं कसं? त्या रविवारी पहाटे जादा लोकल सोडतात, पण त्यांचं वेळापत्रक धावकांच्या सोयीने लावलेलं असतं आणि तुम्हाला धावकांच्या आधी पोचायचं असतं. टॅक्सी केली तरी रस्ते बंद झाल्यावर ती तुम्हाला कुठेतरी दोन किलोमीटर अलीकडे उतरवणार. शहाणी माणसं शनिवारी रात्री भायखळा-दादरकडच्या मित्राच्या घरी पथारी टाकतात. मुलींनी तर जोडीनेच राहावं आणि जोडीनेच निघावं. कॅप्टनला तसं आधी सांगितलं तर दोघींना एकाच ठिकाणी ड्युटी मिळू शकते.

परतीचाही विचार करून ठेवा. रविवार आहे, म्हणजे मेगाब्लॉक असू शकतो. सात तास उभं राहून सुटल्यावर सीएसएमटीच्या फलाटावर ‘धीम्या मार्गावरील गाड्या जलद मार्गावर वळवण्यात आल्या आहेत’ हे ऐकण्याची वेळ येऊ नये, म्हणून शनिवारच्या पेपरातलं वेळापत्रक बघून घ्या.

पिशवीत टोपी, पॉवर बँक, ओळखपत्र, पाण्याची स्वतःची बाटली (हो, पाण्याच्या टेबलावर असलात तरी, त्या बाटल्या धावकांच्या), शेंगदाण्याची चिक्की किंवा दशम्या, सॅनिटरी पॅड, थोडे सुटे पैसे. आणि मोज्यांचा दुसरा जोड. पाण्याच्या टेबलावरच्या माणसाचे पाय तासाभरात घोट्यापर्यंत भिजतात, मग उरलेला वेळ ओल्या मोज्यांत. फोड धावकांनाच येतात असं नाही. जुने, घट्ट पकडीचे बूट घाला. कॅन्व्हासचे किंवा गुळगुळीत तळाचे नकोत, ओल्या डांबरावर दाबलेल्या बाटल्या आणि कागदी पेले विसरू नका.

पायरी ४: पाण्याचं टेबल

नव्या माणसाला बहुतेक वेळा इथेच लावतात आणि ‘यात काय शिकायचंय’ असं वाटणारं काम हेच असतं.

रस्त्यावरच्या शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरला खाण्यापिण्याची सोय ठेवायची, असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा दंडक आहे. मुंबईसारख्या दमट शहरात टेबलं त्याहून बरीच जवळ लागतात. तुमच्या ठिकाणी आठ-दहा टेबलं ओळीने असतील. सगळे धावक पहिल्या टेबलावर तुटून पडतात, मागची टेबलं मोकळी राहतात. म्हणून पहिल्या टेबलाच्या बरंच अलीकडे एकाने उभं राहून हात वर करून ओरडत राहायचं: ‘पुढे या, पुढे भरपूर आहे!’ या एका माणसामुळे निम्मी धक्काबुक्की वाचते. आवाज चांगला असेल तर ही जागा मागून घ्या.

पेले असतील तर दोन-तृतीयांश भरा. काठोकाठ भरलेला पेला धावत्या माणसाच्या हातात पोचेपर्यंत अर्धा होतो, उरलेला त्याच्या नाकात जातो. पेला वरच्या काठाला दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, म्हणजे धावकाला खालून पकडायला जागा राहते. मुठीत आवळून धरलात तर तो तुमची बोटंही सोबत ओढून नेतो. हात खांद्याच्या जरा खाली, लांब केलेला. त्याने पेला धरला की हात त्याच्याच दिशेने थोडा मागे जाऊ द्यायचा आणि सोडायचा. बाटल्या असतील तर बूच आधीच सैल करून ठेवा. घामाने ओल्या बोटांनी सील तोडताना माणसं चालायला लागतात, आणि मागचा त्यांच्यावर आदळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हातात काय आहे ते ओरडून सांगा. ‘पाणी, पाणी, पाणी!’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक!’ धावक अर्धं पाणी पितो आणि अर्धं डोक्यावर ओततो. साखर-मिठाचं पेय त्याने पाणी समजून डोक्यावर ओतलं, तर डोळे चुरचुरतात आणि उरलेलं अंतर तो चिकट केसांनी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काढतो. म्हणून दोन्हींची टेबलं शेजारी-शेजारी लावू नका, मध्ये चांगलं अंतर ठेवा.

आघाडीचे व्यावसायिक धावक वाऱ्यासारखे निघून जातात. त्यांच्या बाटल्या वेगळ्या टेबलावर, नावानिशी किंवा खुणेनिशी ठेवलेल्या असतात. त्या टेबलाला हात लावायचा नाही, सरळसुद्धा करायचं नाही. बाटली त्यांना द्यायचीच असेल तर ते काम नेमलेल्या माणसाचं, आणि त्यालाही टेबलाच्या पुढे एक मीटरपलीकडे जायची परवानगी नसते. हौसेने कुणाच्या बरोबरीने धावत पाणी देऊ नका. नियमाबाहेरची मदत घेतल्याचा ठपका धावकावर येऊ शकतो.

दृष्टिहीन धावकाबरोबर गाइड असतो, दोघांच्या हातांत एक छोटी दोरी असते. ती जोडी येताना दिसली की गाइडच्या मोकळ्या हाताच्या बाजूला जा आणि मोठ्याने विचारा, ‘पाणी एक की दोन?’ मध्ये घुसून दोरीवर हात मारू नका.

टेबलामागची शिस्तही सांभाळावी लागते. दोघं भरणारे, दोघं मांडणारे, बाकी देणारे, आणि एक जण फक्त रस्त्यावरच्या बाटल्या पायाने कडेला सारणारा. हे शेवटचं काम कुणालाच नको असतं. दर अर्ध्या तासाने अदलाबदल करा. रस्त्यावर निळी किंवा पांढरी रेघ दिसली तर तिच्यावर खोका, पिंप, कोन काही ठेवू नका, शर्यतीचं अंतर मोजताना धरलेला सर्वांत जवळचा मार्ग बहुधा तोच असतो.

पायरी ५: रस्ता ओलांडणारे

तुम्हाला चौकात उभं केलं असेल तर तुमच्या वाट्याला धावक कमी आणि शहर जास्त येईल. पेपरवाला, दूधवाला, चर्चला निघालेलं कुटुंब, रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स. पेडर रोडच्या बाजूला जसलोक, ब्रीच कँडीसारखी रुग्णालयं आहेत, म्हणजे पेशंटचे नातेवाईकही. यांच्यातलं कुणीही तुमच्या शर्यतीला यायला निघालेलं नाही, हे लक्षात ठेवलं की तोंडचा सूर आपोआप बरा राहतो.

दोरी आडवी धरून ‘बंद आहे, बंद आहे’ म्हणत राहिलात तर भांडण ठरलेलं. काय होणार आहे ते सांगा.

‘काका, दोनच मिनिटं. हा घोळका गेला की मी स्वतः पलीकडे सोडते.’
‘अहो पण डायलिसिसची वेळ आहे आमची.’
‘मग इथे नका थांबू, माझ्याबरोबर चला, साहेबांना सांगू.’

साहेब म्हणजे चौकातले पोलीस. गाडी सोडायची की नाही, बॅरिकेड उघडायचा की नाही, हे तेच ठरवतात, तुम्ही नाही. अँब्युलन्स दिसली की मात्र कुणाला विचारायला जाऊ नका. शिट्टी वाजवत हात आडवे करून धावकांना एका बाजूला घ्यायला लागा, पोलीस तोवर पोचतातच. लोकांना पलीकडे सोडताना धावकांच्या दोन घोळक्यांमधली फट बघा आणि तिरकं, धावण्याच्याच दिशेने चालायला सांगा. सरळ आडवं जाणारा माणूस हमखास धडकतो. म्हाताऱ्या माणसाचा हात धरण्याआधी विचारा.

शिव्याही खाव्या लागतील. उत्तर देऊ नका, कॅप्टनचं नाव सांगा आणि मोकळे व्हा.

पायरी ६: कुणी कोसळलं तर

तुम्ही डॉक्टर नाही, आणि त्या क्षणी ती अडचण नाही. तुमचं काम आहे लवकर ओळखणं आणि योग्य माणसाला बोलावणं. वाकडीतिकडी पावलं, असंबद्ध बोलणं, तापलेलं अंग, ‘मी कुठे आहे’ असा प्रश्न: हा नुसता थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. मार्गावरच्या वैद्यकीय पथकाचा नंबर ब्रीफिंगमध्ये मिळतो, तो फोनमध्ये यादीत सगळ्यात वर येईल अशा नावाने साठवा. तो लागला नाही तर १०८. जागा सांगताना किलोमीटरचा फलक आणि बाजू सांगा.

मदत येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर मानेला आणि काखेत. गोंधळलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया तीच असते, ‘पाणी द्या, पाणी द्या’. पण घशात अडकण्याचा धोका आहे, शिवाय जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरल्यानेही काही जण असे भरकटतात, त्यांना आणखी पाणी म्हणजे आणखी अपाय. श्वास नीट चालत नसेल आणि तुम्ही सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणं, शिकलेले असाल तर सुरू करा, दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, आणायला पळवा. बिबच्या मागे धावकाने रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला असण्याची शक्यता असते, ते पथकाला सांगा. आणि एका स्वयंसेवकाने पाठ फिरवून फक्त एवढंच करायचं: मोबाइल काढून उभे राहिलेल्यांना हटवायचं.

पायात गोळा आलेला धावक वेगळा. तो ओरडतो, घाबरवतो, पण शुद्धीत असतो. त्याला कडेला घ्या, स्वतःच्या वेगाने पाय ताणू द्या. पाय धरून जोरजोरात चोळू नका.

पायरी ७: भूक, शौच आणि नऊ वाजताची मरगळ

टॉयलेटचा विषय मुलींसाठी जास्त अवघड आहे. ते लांब आहे म्हणून पहाटेपासून पाणीच न पिणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात, आणि उन्हं वर आल्यावर चक्कर त्यांनाच येते. तसं करू नका. पोचल्या पोचल्या जवळचं सुलभ शौचालय, पेट्रोल पंप, उघडं हॉटेल बघून ठेवा. वॉचमनशी आधी गोड बोलून ठेवलं तर सोसायटीचंही मिळतं. जोडीने पाळ्या लावा, एक जाते तेव्हा दुसरी जागेवर.

खाण्याचं पाकीट उशिरा येतं. कधी येतच नाही. म्हणून पिशवीतली चिक्की. पण एक सांगतो: कोट्यवधींची प्रायोजकी असलेल्या स्पर्धेत सात तास उभ्या असलेल्या माणसाला नाश्ता न मिळणं हा ‘सेवाभावाची परीक्षा’ वगैरे नाही, तो ढिसाळपणा आहे. कॅप्टनला विचारा, नंतर लेखी कळवा. ड्युटी ठरलेल्या तासांपेक्षा फार लांबली आणि बदली आली नाही, तर सांगून निघायचा तुम्हाला हक्क आहे. सांगून, न सांगता नव्हे.

नऊच्या सुमाराला मरगळ येते. सेल्फी काढून झालेले असतात, वेगवान धावक संपलेले असतात, ऊन चढतं, आणि बरेच जण हळूच टेबल आवरायला घेतात. नेमकं इथेच थांबायचं असतं. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरवाल्यांतला मागचा गट याच वेळी परतीच्या वाटेवर पेडर रोड चढत असतो. पन्नाशीच्या बाई, पहिल्यांदाच धावणारा कुणी रिक्षावाला, एका पायाने लंगडणारा. पाण्याची गरज त्यांना पुढच्यांपेक्षा जास्त, आणि पुढच्यांनी बाटल्या संपवलेल्या. कॅप्टन लोक म्हणून काही खोके सुरुवातीलाच टेबलाखाली सरकवून ठेवतात, शेवटच्या तासासाठी. तुमच्याकडे तसं नसेल तर तुम्ही ठेवा. या लोकांना ‘बस्स, थोडंच राहिलं’ असं खोटं सांगू नका, खरा आकडा सांगा. त्यांना हिशेब लावायचा असतो.

मग आवराआवर. अर्ध्या भरलेल्या बाटल्या रिकाम्या करून वेगळ्या पोत्यात, पेले वेगळ्या. तुमच्यामागून पालिकेचे सफाई कामगार येणार असतात, आणि भरलेली पोती उचलताना कंबर त्यांची जाते.

स्टेडियम आणि बहुक्रीडा स्पर्धा असेल तर

तिथलं गणित थोडं वेगळं. पुण्यात बालेवाडीला २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. अशा ठिकाणी काम एका सकाळीत संपत नाही, दोन-तीन आठवडे चालतं. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये ड्युटी लागली तर तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे. गोल झाला की आवाजावरून ओळखायचं. सही, फोटो मागणं बंद. मागितलात तर गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं जाऊ शकतं.

गोव्यात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाल्या तेव्हा मैदानं पणजी, म्हापसा, मडगाव अशी पसरलेली होती. अशा स्पर्धेत फॉर्म भरतानाच घराजवळचं केंद्र मागा. खेळाडू देशभरातून येतात, हिंदी सगळ्यांना येतेच असं नाही, तेव्हा सोपं इंग्रजी आणि हातवारे दोन्ही तयार ठेवा. परदेशातल्या स्पर्धांचं स्वप्न असेल तर खर्च आधी मांडा. लंडनला २०१२ मध्ये २ लाख ४० हजार अर्जांतून ७० हजार लोक घेतले. गणवेश, ड्युटीवरचं जेवण आणि शहरातला प्रवास मिळाला, राहायची सोय मात्र ज्याची त्याने केली. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. मुंबईहून रात्रीची गाडी आहे खरी, पण दोन-तीन आठवडे राहणार कुठे, हे फॉर्मच्या आधी ठरवा.

घरी आल्यावर

पाय कोमट पाण्यात ठेवा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला चार ओळी पाठवा: कुठे पाणी कमी पडलं, कुठल्या कोपऱ्यावर गोंधळ झाला, टॉयलेट किती लांब होतं. सर्टिफिकेट आलं की नावाचं स्पेलिंग लगेच तपासा. एनएसएसवाल्यांनी तास त्याच आठवड्यात डायरीत भरून सही-शिक्का घ्यावा. परीक्षा संपल्यावर निवांत बघू म्हणालात, तर तोवर कॅप्टनने नोकरी बदललेली असते आणि नंबरही.